शिवाचा खोकला

मालवण,
ता. १२ डिसेंबर १९६५

प्रिय शिवा,

सहदेवदादाचा तुला, सुशीलाला आणि मुलांना आशीर्वाद. आम्ही सगळी सुखात आहोत. तुम्हीही तशीच असाल, असं धरून चालतो.

काल रापणीला भरपूर बांगडे लागले. दोर ओढायला मी नसतो आता. वाळूत बसून जाळं कुठून आवळायचं ते सांगतो. भूक लागते, झोप लागते. सकाळी चहाबरोबर बिडी नसते, तरी चहा गोड लागतो. तुझी वहिनी म्हणते, "घराक आता माणसांचो वास येता."

पावसाआधी मी मिरजेला गेलो, तेव्हा फुफ्फुसात पाणी झालंय असं तुला कळवलं होतं. पाणी नव्हतं, शिवा. थुंकीतून रक्त पडत होतं. छातीचा फोटो काढला, त्यात गाठ दिसली. कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी कधीपासून?"

"मिसरूड फुटायच्या आधीपासून."

"बिडी असो की सिगरेट, धुरानंच हे दुखणं ओढवतं. नशीब, लवकर आलात."

उजवं फुफ्फुस अर्धं कापून काढलं. आता चढावर धाप लागते, बाकी बरा आहे. परवा पुन्हा दाखवून आलो, फोटो स्वच्छ आहे. तुला तेव्हा कळवलं नाही, कारण तू नोकरी टाकून धावत आला असतास. आणि खरं म्हणजे तो शब्द मला लिहवत नव्हता.

गणपतीत तू आलास. ओटीवर सिगरेट ओढत बसला होतास, मध्येच खोकत होतास. आत वहिनी मोदक वळत होती, तिचे हात थांबले. तू एस्टीत बसून गेलास, तशी म्हणाली, "भावजींचो खोकलो ऐकलात? तो तुमचोच आसा."

मी तिला गप्प केलं. पण ती गप्प बसली, तरी तो खोकला काही माझ्या कानातून जात नाही.

छातीचा फोटो काढून घे. काही निघालं नाही तर मला खुशाल शिव्या घाल. निघालं तर वेळेवर सापडेल, माझं सापडलं तसं. फोटोत काहीही येवो, सिगरेट सोड.

'सवड नाही' असं उत्तर धाडलंस, तर मी पुढच्या बोटीनं मुंबईला येईन आणि तुला हाताला धरून दवाखान्यात नेईन. तुझ्या चाळीचा जिना चढताना मला मध्ये मध्ये बसावं लागेल. पण चढेन.

तुला अजून पुष्कळ वर्षं दटावायची इच्छा असलेला,
तुझा दादा
सहदेव