आता बसायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
काल तीन-शून्य हरलो. आकड्यावर जाऊ नये. सुरुवातीला आपण चांगले वरचढ होतो.
क्लबच्या अध्यक्षाने, तिहोमिरने, दुकानात बोलावलं. खाटीक आहे. हाडं तोडता तोडता म्हणाला, ग्वोझ्देन, महिनाअखेरपर्यंत बघतो, पुढे माझाही नाइलाज आहे. म्हणजे महिनाअखेरपर्यंत पूर्ण विश्वास! रुझिका म्हणते, हा क्लब सुटला तर या वयात दुसरा कोणी विचारणार नाही. बायकोला फुटबॉलमधलं काय कळतं?
संकल्प: मॅचभर उभं राहायचं. खेळाडू म्हणून बेलग्रेडच्या मोठ्या क्लबात चार सीझन काढले, सगळे बेंचवर. तिथून खेळ फार नीट दिसतो, ते सोडा. पण कोचने आता बसायचं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
उभा राहिलो. दोन-शून्य हरलो. प्रगती आहे.
कॅप्टन ओग्न्येन म्हणाला, कोच, तुम्ही ओरडता ते नेमकं कोणाला हेच कळत नाही, सगळेच पळायला लागतात. म्हटलं, मग पळा की! फुटबॉल म्हणजे दुसरं काय असतं?
वाईट वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. जेवलो, झोपलो.

१३ नोव्हेंबर
चोवीसला आमचा स्लाव्हा, घराण्याच्या संताचा दिवस. रुझिका म्हणाली, टीमच्या पोरांना आधी सांगून ठेव, नाहीतर अख्खं डुक्कर आपण दोघांनीच संपवायचं का? डोकं फिरलंय हिचं. स्लाव्हाला कधी कोणी आवतण देतं? जो आपला असतो तो न बोलावता येतो. तीस माणसांचा स्वयंपाक कर म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
चार-एक हरलो. पण गोल झाला! मारला त्यांच्याच डिफेंडरने, तरी दबाव आपला होता. नंतर पोरं गप्प गप्प होती. एकाग्र झालीत.
उभं राहून डावा गुडघा सुजला. बसलो नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार
पाच-शून्य. मैदान ओलं होतं. रुझिका म्हणाली, त्यांच्यासाठी कोरडं होतं का?
उद्या सगळं जुळून येईल. एका टेबलावर जेवली की टीम घडते.

२४ नोव्हेंबर, स्लाव्हा
मेणबत्ती लावली. या दिवशी पाहुण्यांनी बसायचं, यजमानाने उभं राहून वाढायचं. मला सवयच आहे.
दुपारी शेजारीण येऊन गेली. पोरं अजून आली नाहीत. ट्रेनिंग उशिरा संपलं असेल. (आज ट्रेनिंग नव्हतं.)
संध्याकाळी तिहोमिर एकटाच आला. आधी रिवाजाप्रमाणे चमचाभर शिजवलेला गोड गहू, मग कोबीच्या पानातला खिमा तीनदा घेतला. मान वर केली नाही. पोरं कुठायत विचारलं तर म्हणाला, आजच्या दिवशी कामाचं नको रे. जाताना मला मिठी मारली. बहुतेक करार वाढवतोय.
रुझिका म्हणाली, आता तरी बस. म्हटलं, दिवस अजून संपलेला नाही.

२५ नोव्हेंबर
तिहोमिरचा फोन. मला काढलं. म्हणाला, काल तेच सांगायला आलो होतो, पण तुझ्या संतासमोर तोंड उघडेना. पोरांना रविवारीच कळलं होतं. कुठल्या तोंडाने येणार होती तुझ्या घरी जेवायला?
काही वाटलं नाही. गार डुक्कर खाल्लं. पुष्कळ उरलंय.
संकल्प: मोठे क्लब हिवाळ्यात कोच बदलतात. फोन चार्ज करून ठेवणे.

३० नोव्हेंबर, रविवार
फोन आला नाही. रुझिकाला म्हटलं, पाय मोकळे करून येतो. पाय मैदानावर गेले. बोलावलं कोणी नव्हतं, पण आपल्या माणसांकडे जायला आवतण कशाला लागतं?
कुंपणापाशी, प्रेक्षकांच्या बाकाजवळ उभा राहिलो. नवा कोच मजेत बेंचवर बसलेला, एकदाही ओरडला नाही. आपला गोल झाला. मी हात वर केला, मग खिशात घातला.
बाहेर गेलेला बॉल घ्यायला ओग्न्येन माझ्याजवळ आला. लालेलाल झाला. म्हणाला, अहो, आलात होय! उभे का? तुम्ही आता पाहुणे. बसा ना.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
बसलो. इथूनही खेळ नीट दिसतो.