पलीकडच्या नौका

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आमची नौका या जुन्या बंदरात शिरली आणि अकरा दिवसांनी प्रथमच माझ्या पायांखाली न हलणारी जमीन आली. मला इतका आनंद झाला की धक्क्याच्या दगडी पायऱ्या मी उगाच दोनदा चढले-उतरले. मामांनी ते पाहिले आणि विचारले, की कवायतीचे मार्क अजून कमी पडतायत का.

बंदर फार देखणे आहे. अर्धचंद्राकृती तट, तोंडाशी दोन बुटके बुरूज आणि आत जेमतेम वीस नौका मावतील एवढे हिरवट पाणी. जुन्या वखारींमध्ये आता एक दवाखाना, दोरखंडांचे एक दुकान आणि एक वाचनालय आहे. वाचनालय आहे म्हटल्यावर माझा मुक्काम कुठे असणार हे मामीने लगेच ओळखले. तिला तीन दिवस बोट लागली होती. ती धक्क्यावर फतकल मारून बसली आणि आता मला इथून क्रेननेच उचला, असे तिने जाहीर केले.

मामांनी तीस वर्षे जहाजांच्या इंजिनखोलीत काढली आणि निवृत्त होताच ही शिडाची नौका घेतली. परीक्षेत पहिली आल्याचे बक्षीस म्हणून त्यांनी मला सोबत आणले आहे. मी दिवसाकाठी मोजकी दहा वाक्ये बोलते, तीही छापील. म्हणून त्यांनी माझे नाव ‘सूचनाफलक’ ठेवले आहे. बोलायचे राहून गेलेले सारे मी या वहीत लिहिते.

५ मार्च, बुधवार

काल सायंकाळची एक गोष्ट लिहायची राहिली. येथे जागा अपुरी असल्यामुळे नौका एकमेकींना बांधण्याची पद्धत आहे. पहिली धक्क्याला, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. बाहेरच्या नौकेवरच्या माणसांनी आतल्या नौकेच्या पुढच्या टोकावरून, अनवाणी, आत न डोकावता ओलांडून जायचे, हा शिष्टाचार. आतलीला निघायचे असेल, तर बाहेरच्यांनी आधी सुटायचे. आम्ही धक्क्यालगत आहोत.

काल पाचच्या सुमारास दाट धुके उतरले. मामा-मामी भाजी आणायला गेले होते, मी डेकवर एकटीच होते. धुक्यातून एक दोर आला आणि माझ्या पायांशी पडला. कोण आहे, असे विचारायला हवे होते. परंतु अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे मला कधीच साधलेले नाही. मी दोर उचलला आणि मामांनी शिकवल्याप्रमाणे लोखंडी खुंटीला वेढे घालून पक्का बांधला.

सकाळी पाहिले, तर पलीकडे एक पांढरी नौका लागली होती. खिडक्यांवर पडदे होते. आमच्या पुढच्या टोकावर ओल्या अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते. शिस्तीची मंडळी दिसतायत, असे मामा म्हणाले.

७ मार्च, शुक्रवार

पलीकडे आता तीन नौका आहेत. माणूस एकही दिसत नाही. रोज पहाटे केवळ ठसे उमटतात. आज ते टोकावरून थेट न जाता डेकवरच्या माझ्या बाकापर्यंत आले होते. बाकावर ही वही राहिली होती. पानांच्या कडा दमट लागल्या. दव असावे.

उद्या निघायचे म्हणून मामा मला घेऊन बंदराच्या कचेरीत गेले. तेथील अधिकारी वयस्कर आणि अतिशय नम्र आहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की दोर कोणी घेतला. मी घेतला, असे मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवले. मग म्हणाले, बाळ, इथला नियम एवढाच आहे की ज्या हातानं दोर घेतला त्याच हातानं तो सोडायचा, आणि तोही पलीकडच्यांनी मागितल्यावर.

मामा तडकले. मग मागायला सांगा की त्यांना, तोंड शिवलंय का त्यांचं! अधिकारी शांतपणे म्हणाले, की त्यांना अजून बोलता येत नाही हो. तोवर पलीकडे पाऊल टाकू नका. दोर सुटेल त्या वेळी पलीकडे जो असेल, तो पलीकडचाच होतो.

परतताना मामा रस्ताभर हसत होते. अजून म्हणे! बंदर आहे की पाळणाघर?

८ मार्च, शनिवार

सकाळी दहा वाजता मामा पलीकडे गेले. बघतोच कोण शहाणे आहेत ते, असे म्हणून त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लहान मुलासारखी उडी मारली. तिसऱ्या नौकेवरून त्यांनी आम्हाला हात केला व ते केबिनमध्ये वाकून शिरले.

बारा वाजता मामीने हाक मारली. उत्तर आले, की इथे कुणीच नाहीये गं, पण चहा गरम आहे.

ते आलेले नाहीत.

९ मार्च, रविवार

पाच नौका. मामीने पुन्हा हाक मारली. मामांचाच आवाज होता, परंतु दूरचा, शेवटच्या नौकेवरून आल्यासारखा. ते म्हणाले, “मी कुशल आहे. माझी काळजी करण्याचे काही कारण नाही.”

मामी माझ्याकडे वळून म्हणाली, की अगं, हे असं छापील कधीपासून बोलायला लागले? तुझा गुण लागला की काय त्यांना! ती हसली, पण तिने चष्मा पुसला आणि पदर खोचला. मी तिचा हात धरला. अधिकाऱ्यांनी सांगितलेले सारे माझ्या ओठांवर होते. ती म्हणाली, सोड गं, वेडाबाई, कान धरून आणते त्यांना. आणि ती पलीकडे गेली.

मी बोलले असते, तर ती थांबली असती.

१० मार्च, सोमवार

सात नौका. मी हाक मारली. दोघांनी मिळून, एका सुरात उत्तर दिले:

“वाचनालय आहे म्हटल्यावर माझा मुक्काम कुठे असणार हे मामीने लगेच ओळखले.”

वही उघडली. चार मार्चचे पान. शब्दन् शब्द तोच. काल वही उशीखाली घेऊन निजले होते, केबिनला आतून कडी होती. तरी ते पान ओले आहे.

कचेरीत धावत गेले. अधिकारी म्हणाले, की त्यांना कोणाची तरी भाषा लागते, बाळ, तुझी मिळाली. मला जायचे असल्यास चारची बस आहे, मला कोणी अडवणार नाही. परंतु दोर सोडणारा हात निघून गेला, तर या नौका कायमच्या अशाच राहतील. आणि त्यांच्यावरची माणसेही.

चारची बस गेली. मी परत आले आहे.

मामांचा डावा गुडघा हवा दमट झाली की फार दुखतो. पलीकडे त्यांना किती त्रास होत असेल.

११ मार्च, मंगळवार

नऊ. बुरूज दिसत नाहीत.

सकाळी मी हाक मारण्यापूर्वीच मामांचा आवाज आला. “माझा डावा गुडघा फार दुखतो. हवा दमट आहे.”

मामांचा गुडघा कधीही दुखलेला नाही. ते मी काल मुद्दाम खोटे लिहिले होते.

म्हणजे तो आवाज त्यांचा नाही. मग ते कुठे आहेत?

हेही वाचले जाईल. वाचा. तुमच्यासाठीच लिहिते आहे: माझ्या मामा-मामींना या डेकवर आणून उभे करा. ते इकडे आले, की तुम्ही मागाल त्या क्षणी मी दोर सोडीन.

१२ मार्च, बुधवार

सकाळ. वरच्या ओळीखाली एक शब्द आहे. मान्य. अक्षर माझे आहे. मी लिहिलेला नाही.

दुपार. धुके. येत आहेत. टोकावरून, अनवाणी — मामा पुढे, मामी मागे —

लिहिणे थांबवले तर पळत सुटेन, म्हणून लिहीत आहे.

डेकवर उभे आहेत. तोच सदरा, तोच चष्मा. मामीच्या केसांतून पाणी ठिबकते आहे. मामा म्हणाले, दोर सोडावा, ही विनंती.

ही विनंती. मामा असे कधी —

पण तेच असतील, भ्यालेले असतील, तर? आणि ते नसतील आणि मी दोर सोडला, तर खरे दोघे कायमचे —

विचारले. मोठ्याने विचारले, जन्मात प्रथमच एवढ्या मोठ्याने. आई मला घरी कोणत्या नावाने हाक मारते? मामांनीच ठेवलेले नाव आहे ते. या वहीत कोठेही नाही.

मामा हसले. माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत — पेनाकडे —

मामीही —

साऱ्या नौकांचे पडदे सरकले आहेत.

ते म्हणतात, ऐनवेळी आठवत नाही. तू लिहून दाखव. संपूर्ण नको — निदान पहिले अक्षर —