टिटवीच्या पंखाचा तुकडा

मानवत, रविवार

प्रिय सुकेशनी,

सप्रेम जयभीम. रोज फोन होत असताना पप्पांनी खोकं आणि एवढं लांबलचक पत्र कशाला पाठवलं, असं तुला वाटणार. खोक्यात चार तुकडे उघडे आहेत आणि पाचवा कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलाय. तो पत्र वाचून झाल्यावरच सोड. तू लहानपणापासून उतावळी, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात तू पाठवलेल्या धुण्याच्या मशीननंच झाली. मशीन आलं, आईनं त्याला सतरा वेळा पुसलं, आणि पॅकिंगचा कचरा बाहेर फेकायचं काम माझ्याकडे आलं. वरचं थर्माकोल मोडलं तर कट्कन तुटलं आणि साबुदाण्यासारखे दाणे अंगणभर झाले. पण खालच्या कोपऱ्यांचे तुकडे काही केल्या तुटेनात! दाणे त्यातही दिसत होते, पण वाकवलं की वाकायचं आणि सोडलं की पुन्हा सरळ. मी पायरीवर बसून अर्धा तास तेच करत राहिलो. आई म्हणाली, "काय करायलाव ओ लहान लेकरावानी? कचरा हाय तो." मला मात्र तो कचरा वाटेना. दिसायला सख्खी भावंडं आणि स्वभाव असा उलटा, हे कसं काय?

तुला माहीतच आहे, माझ्या डोक्यात किडा शिरला की लवकर निघत नाही. एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं टायरवर रॉड मारून नुसत्या आवाजावरून मी हवा ओळखली. म्हटलं, हेही ओळखू. मग गावात फिरायला लागलो. नागनाथच्या बॅनरच्या दुकानातून सनबोर्डाची, म्हणजे बॅनर चिकटवायच्या कडक पांढऱ्या पाटीची, कातरण आणली, त्यावर कुठल्याशा वाढदिवसाच्या पुढाऱ्याचा अर्धा कान होता. कापसाच्या जिनिंगच्या नव्या ऑफिसात पत्र्याखाली घालायला निळ्या शीट आणल्या होत्या, त्यातला एक उरलेला तुकडा मागून घेतला. त्यात दाणा दिसतच नाही. मोडला की साबणाच्या वडीसारखा स्वच्छ मोडतो आणि पॉलिश पेपरनं घासला तर गुळगुळीत होतो. हे तुझ्या वेळी मिळालं असतं तर तू नाचली असतीस.

चारही जातींचे एकाच मापाचे तुकडे कापले, तळहाताएवढे, बोटभर जाड. सनबोर्ड पातळ, म्हणून त्याच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या. किराणा दुकानातल्या काट्यानं थर्माकोलची दखलच घेतली नाही, तेव्हा सरळ दिनकरराव सोनाराकडे गेलो. गिऱ्हाईक बसलेलं असताना ते मोठ्यानं म्हणाले, "लिंबाजीराव, आता थर्माकोलचे दागिने करायलाव का काय?" पण माणूस भला. सोन्याच्या काट्यावर चारही तुकडे तोलून दिले. पांढरा दीड ग्रॅम, वाकणारा अडीच, निळा तीनच्या थोडा वर आणि सनबोर्ड पन्नास! पन्नास ऐकून दिनकररावच चकित झाले, कारण हातात घेतल्यावर तोही हलकाच वाटतो. मी त्यांना सांगितलं, की याचं विमान केलं तर ते मोंढ्याच्या बाजारापर्यंत फक्त सायकलच्या कॅरिअरवरूनच जाईल. ते हसले. विमान हा शब्द माझ्या तोंडातून फार वर्षांनी निघाला होता, हे त्यांना काय माहीत.

हो, आता त्यावर आलोच आहे तर बोलतो. अकरा वर्षं आपण दोघांनी या विषयाला वळसा घातला. तू परभणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतीस आणि डेकोरेशनच्या थर्माकोलचं विमान केलं होतंस. सारखी ओरडते म्हणून तिचं नाव टिटवी. मोटार चालू केली की गल्लीतली कुत्री पळायची. नांदेडच्या स्पर्धेला चार दिवस उरले होते आणि पेपरही चालू होते. अशात एका संध्याकाळी मी तुला नको ते बोललो. "इमानं उडवून पोट भरणार हाय का?" हे माझेच शब्द, मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी तू पेपर देऊन घरी आलीस तेव्हा टिटवीचा डावा पंख खोलीतल्या खाटेवर दोन तुकडे होऊन, मधून खाल्ल्यासारखा पडला होता. तू विचारलंस, "पप्पा, तुमी केलं का हे?" मी हो म्हणालो. तू पुढे काहीच विचारलं नाहीस. रडलीसुद्धा नाहीस. टिटवीची मोटार काढून कपाटात ठेवलीस आणि त्यानंतर विमानाला हात लावला नाहीस.

गेल्या महिन्यात तू आईला सांगत होतीस, की ऑफिसातली मंडळी रविवारी मैदानावर छोटी विमानं उडवतात आणि तुलाही बोलावतात. आईनं विचारलं, मग जात का नाहीस? फोन स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "मला कुठं काय येतं त्यातलं." मी बाजूला शेंगा सोलत बसलो होतो. सुके, ते वाक्य मला फार लागलं. लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या गोळा करून ज्या पोरीनं आठव्या वर्गात ग्लायडर उडवला, तिला काय येत नाही? येत होतं ते माझ्यामुळे गेलं.

त्याच रात्री ठरवलं, की या तुकड्यांच्या बाबतीत आता मागे हटायचं नाही. तू लागलीच विचारशील, की विमानासाठी कुठला निवडला. पांढरा सगळ्यात हलका, पण नखानं दाबला की खड्डा पडतो आणि तो तसाच राहतो. निळ्याला आकार छान येतो, हवेत ताठ राहील, पण आपटला की दोन तुकडे. वाकणारा पंखाला जरा लेचापेचा वाटतो, आतून बांबूची कामटी घालावी लागेल. पण त्याचा खड्डा आपोआप भरून येतो. जमिनीवर आपटून पाहिला, आईचा पाट त्याच्यावर पाडला, काही झालं नाही. शेवटी प्रत्येकाच्या एका कोपऱ्यावर पंक्चरच्या सोल्यूशनचा एक एक थेंब टाकला. पांढऱ्यानं थेंब पडताच अंग आत ओढून घेतलं, पाच मिनिटांत बोट जाईल एवढं भोक. निळ्याचंही तेच. वाकणारा मात्र तसाच, थेंब वर वाळून गेला. चौघांचे कोपरे तू बघशीलच, नावं पेनानं लिहिली आहेत. आईनं विचारलं, की बाकी सगळं ठीक, पण सोल्यूशन कशाला टाकायलाव? मी उत्तर दिलं नाही.

तिला नाही दिलं, तुला देतो. त्या दिवशी माझी सुट्टी होती. तू पेपरला गेलीस आणि मला कालचं बोलणं खायला लागलं. खोलीत येऊन पाहिलं तर टिटवीच्या डाव्या पंखाला चीर गेलेली. तू बहुतेक घाईत पाहिलीही नसशील. मला वाटलं, तोंडानं माफी मागायला जमणार नाही, पंख तरी नीट करून ठेवू. चीर पूर्ण उघडली, दोन्ही कडांना सोल्यूशन लावलं, बोटानं सारखं पसरलं आणि ट्यूबला देतो तशी पाच मिनिटं वाळू दिली. तेवढ्यात चहा घेतला. परत येऊन पाहतो तर पंख आतल्या आत विरघळत चाललेला. आयुष्यभर ज्या सोल्यूशननं हजारो ट्यूब जोडल्या, त्यानंच तुझं विमान खाल्लं. तू विचारलंस तेव्हा मी हो म्हणालो, ते खोटं नव्हतं. पण पुढचं सांगायला जीभ उचलली नाही. तू मैत्रिणींना सांगायचीस, की आमच्या पप्पांना काहीही दुरुस्त करता येतं. तुझ्यासमोर अडाणी ठरण्यापेक्षा रागीट ठरलेलं मला बरं वाटलं. एवढ्याशा अहंकारापायी मी तुझी अकरा वर्षं घेतली. माफ कर गं.

आता पाचवा तुकडा सोड. तो टिटवीचा आहे, पंक्चरच्या चकत्यांच्या डब्यात जपून ठेवला होता. नीट बघ, तुझी नजर माझ्यापेक्षा तयार आहे. खड्डा बरोबर चिरेच्या कडेनं गेलाय, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा, आणि त्यात माझ्या बोटाची रेघ अजून दिसते. मोडायला निघालेला माणूस इतकं सारखं लावत नाही. मी टिटवी मोडत नव्हतो, सुकेशनी, मी तिला चिकटवत होतो. नव्या टिटवीसाठी मी वाकणारा फोम निवडलाय, कारण त्याला माझा हात लागला तरी तो टिकेल. तुला निळा हवा असेल तर तसं कळव, मी सोल्यूशनची ट्यूब घराबाहेर ठेवतो.

तुझाच,
पप्पा