चौतीस डोकी

३ जून
शाळेत रुजू झाले. तिसरीचा वर्ग, चौतीस मुली. मोठ्या बाईंनी माझे कागद दोनदा उलटसुलट वाचले आणि म्हणाल्या, "बारा वर्षं सैन्यात? मग शिस्तीची काळजीच मिटली." वर्गात पाय ठेवला तर हात घामानं ओले. ट्रकचा ताफा डोंगरातून उतरवताना कधी असं झालं नव्हतं.

७ जून
ठकूचं काही जमत नाही. ती सहा महिन्यांची होती तेव्हा मी परत ताफ्यावर गेले. तेव्हापासून तिला नणंदेनंच, ताईंनीच, वाढवलं. आता साडेपाच वर्षांची आहे. मी नोकरी सोडून घरी आले त्याला तीन महिने झाले, तरी तिच्या लेखी मी पाहुणीच. काही हवं असलं की आत्याला सांगते — "तिला सांग, दूध गार झालं." मी समोरच बसलेली! जवळ घेतलं की लाकडासारखी ताठ होते. सुटायची वाट बघते, एवढंच.

१५ जून
आज ठकूनं मला "बाई" म्हटलं. शाळेत नाही, घरी, जेवताना.

२८ जून
ताईंची बदली झाली. रात्रभराच्या प्रवासावरचं गाव. स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या, "ठकूला दोन वर्षं माझ्याकडे राहू दे. तुझी घडी बसली की ने परत." मी ताडकन म्हटलं, "माझी मुलगी मीच वाढवणार." ताईंनी पातेलं जरा जास्तच घासून पुसलं. नवऱ्याला विचारलं. "तुम्ही दोघी ठरवा." म्हणजे नेहमीसारखे हात झटकून मोकळा. जुलैअखेरीपर्यंत काय ते ठरवायचंय.

वाईट याचं वाटतं की ताईंचा राग येत नाही. त्या खरंच चांगल्या आहेत. राग आला असता तर सोपं गेलं असतं.

११ जुलै
लिहवत नाही. तरी लिहिते.

वर्गाची सहल होती, शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर. ताई बदलीच्या कागदांसाठी ऑफिसात, नवरा दुकानात, म्हणून ठकूला बरोबर घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आणा की, एक चिमुरडी काय जड आहे?" जाताना ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटी, फुगून बसली होती.

ताफ्यात मोजणी माझ्याकडे असायची. पद्धत ठरलेली. हात एकेकाच्या डोक्यावर, नजर बाहेर रस्त्यावर, आणि मोजणी संपेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. मुलींनाही मी हेच शिकवलं होतं. त्यांना गंमत वाटायची, पुतळ्यासारख्या बसायच्या. स्टाफरूममध्ये मला "कॅप्टनबाई" म्हणतात ते त्यामुळेच. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

परत निघताना बसमध्ये तशीच मोजणी केली. नजर फाटकाकडे, हात डोक्यांवर. चौतीस. बरोबर! "चला," म्हटलं.

वीस मिनिटांनी मोठ्या बाईंचा फोन — एक मुलगी तिथेच राहिली आहे. दोन वेण्यांची ती, सगळ्यात मागे बसणारी. बाथरूमची कडी अडकली होती, आतून ओरडत होती, पंपांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. रखवालदारानं दार तोडलं.

मी वळून पाहिलं. ठकू तिसऱ्या रांगेत, दोन मुलींच्या मध्ये बसली होती. चौतिसावं डोकं तिचं होतं.

पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला कळलं नाही. नजर फाटकावर होती ना! बारा वर्षांत एक माणूस मागे ठेवला नाही मी. इथे सहाव्या आठवड्यात ठेवलं, ते आठ वर्षांचं लेकरू.

१२ जुलै
दोन वेण्यांच्या मुलीची आई आली होती. ओरडली नाही. "घसा बसलाय तिचा, दार लावून घेतलं तर घाबरते," एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे बघत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी माफी मागितली. शब्द अगदी लाकडी निघाले, रिपोर्ट दिल्यासारखे.

मोठ्या बाईंनी लेखी खुलासा मागितला. तो मात्र झरझर लिहिला. "मोजणीची पद्धत चुकीची होती. जबाबदारी माझी." वर्ग काढून घेतला आहे. सध्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालायचे.

१३ जुलै
पुठ्ठे.

१९ जुलै
ठकूला विचारलं, "बसमध्ये तू जागा का बदललीस?" पुन्हा विचारलं, आवाज चढला असावा. आत्याच्या मागे जाऊन उभी राहिली. ताई म्हणाल्या, "अगं, पोर आहे ती. तिची काय उलटतपासणी घेतेस?"

खरंय. मला माणसांशी बोलता येत नाही, हुकूम सोडता येतो.

२१ जुलै
ताईंना सांगितलं — घेऊन जा. ज्या बाईला स्वतःचं मूल हाताला कळत नाही, तिनं हट्ट कशाच्या जोरावर धरायचा? ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या आलं नाही. ते आलं नंतर, इस्त्री करताना. तिच्या फ्रॉकला इतकुसा चुणीचा गळा आहे, त्यावर इस्त्रीचं टोक फिरवता येईना.

नवरा पहिल्यांदाच बोलला. "नक्की?" मी हो म्हटलं.

२५ जुलै
गेल्या दोघी. ठकू खिडकीत बसली. मी हात हलवला. तिनं आधी आत्याकडे पाहिलं, मग हलवला. रडली नाही. घरी येऊन तिच्या गादीवरची चादर काढून धुवायला टाकली. त्यात रडण्यासारखं काय होतं, कळलं नाही.

२६ जुलै
सकाळी ताईंचा फोन. पोचल्या. म्हणाल्या, "अगं, काल गाडीत काय बोलली ऐक. म्हणाली, 'मला माहीत होतं मी त्यांच्या वर्गातली नाही. जाताना आईनं मुलींना मोजलं ना, म्हणून येताना मी मध्ये जाऊन बसले. तिनं माझ्यापण डोक्यावर हात ठेवला. मी आहे असं सांगितलं असतं तर तिनं हात काढून घेतला असता.'"

रजेचा अर्ज दिला. तिला आणायला आजच्याच गाडीनं निघते आहे.