होळीची पहिली धार

खालापूर, ता. १२ मार्च १९३२

सौ. सोमीवहिनीस, गोदाचा सा. न. वि. वि.

तू पोशीरला माहेरी गेलीस तेव्हापासून दादाने दारूला हात लावलेला नाही. एक शिमगा कोरडा काढून दाखवल्याशिवाय परत येणार नाही, हा तुझा शब्द मी त्याला पुन्हा सांगितला. त्याने मान खाली घालून ऐकला.

अडचण रिवाजाची आहे. वाडीची होळी आपल्या अंगणात. मोहाच्या दारूची पहिली धार घरधन्याने आगीत सोडायची आणि पहिला घोटही त्यानेच घ्यायचा. नाही म्हटले तर वाडी रुसेल, हो म्हटले तर घर मोडेल. म्हणून यंदा माठात माझे पेय असेल. मुंबईला आमच्या प्रिन्सिपलबाई नाताळात द्राक्षरसात मसाले उकळून सर्वांना देत. मी गूळ, आमसूल, सुंठ, लवंग, मिरी घेणार आहे. जुन्या माठाला दारूचा वास आहे, म्हणून कोरा आणला. बी. ए. होऊन मी काय शिकले, ते यात दिसेल.

तुझी आठवण घरभर आहे; माझी थोडी तिकडे असू दे.
तुझी गोदा

पोशीर, ता. १६ मार्च

गोदावन्सांना सोमीचा नमस्कार.

तुमीच शिकवलेल्या अक्षरांत लिवते, हसू नका. मी मात्र लई हसले. बी. ए.चा काढा! कमळ्या म्हाताऱ्याला वाटंल, वाडीला खोकला झालाय. आमसूल कमी करा, मिरी दुप्पट घाला. चढली नाय तरी घशातून जाताना जाळली पायजे, तरच गडी दुसरा पेला मागतील.

पण शब्द मी मागं घेणार नाय. त्यांनी दर शिमग्याला शपथ घेतली आन् दर शिमग्याला मी त्यांना अंगणातून उचलून आणलं.

माझा राग तुमच्यावर नाय. माया कमी करू नका.
सोमी

खालापूर, ता. २४ मार्च

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

मिरी दुप्पट घातली. चवीचा विचार केला, आगीचा केलाच नाही. दारूच्या धारेने होळी भडकते, मग सगळे बोंब ठोकतात. दादाने माझी धार सोडली, तर आग चुरचुरली आणि पांढरा धूर झाला. बोंब कोणी ठोकलीच नाही. कमळ्या म्हातारा म्हणाला, होळी थुंकली, घराला बरं नाय. दादाचा सोबती वाघ्या मोहाची बाटली घेऊन पुढे आला आणि ती त्याने दादाच्या हातात दिली.

दादाने बाटली पार शेवटच्या थेंबापर्यंत आगीत ओतली. भडका आंब्याच्या फांदीला लागतो की काय असे वाटले. मग तो म्हणाला, "होळीचं होळीला दिलं. आता माझं मला द्या." मिरीने त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आले. आपल्याला ठसका लागत नाही हे दाखवायला कमळ्याने पेला तोंडाला लावला, आणि तोही खोकत बसला. मग काय, प्रत्येकाला दाखवायचे होते. माठ संपला.

काही जण नंतर दुसरीकडे प्यायला गेले, ते लपवत नाही. दादा राखेपाशीच बसून राहिला. पण मी त्याची बहीण; माझ्या लिहिण्यावर जाऊ नकोस. ये आणि स्वतः बघ.

वाट बघणारी,
गोदा

पोशीर, ता. २६ मार्च

गोदावन्सांना नमस्कार.

बहिणीनं लिवलंय, म्हणून अर्धंच खरं धरलं. बाकीचं अर्धं येऊन बघते. सोमवारी भावाच्या बैलगाडीनं निघते. माठ धुवू नका, त्यांनाही धुवू देऊ नका. कोरी माती वास लपवत नाय. आधी माठ हुंगीन, मंग उंबरा ओलांडीन.

कपड्यांची पेटी मात्र गाडीत घालूनच येते.

तुमचीच,
सोमी