दुप्पट वेगातली आई

ती. आईस,
चादरींच्या ढिगाऱ्यामागून तुझ्या लेकीचा नमस्कार.

मी मजेत आहे. लॉन्ड्रीत आता मला इस्त्रीच्या मशीनवर घेतलंय. दिवसभर उभं राहावं लागतं, पण पायांची सवय होईल.

काल खूप दिवसांनी फोनवर बोललो आणि मी म्हणाले, “आई, बरं नाही का? इतकी सावकाश का बोलतेस?” तू हसलीस. “अगं, मी अशीच बोलते की!” फोन ठेवल्यावर मला मान वर करवेना.

तू मोबाइलवर बोलून निरोप पाठवतेस ना, ते मी दुप्पट वेगाने ऐकते. तशी सोय असते त्यात. इथे सगळ्या तसंच ऐकतात, घाईत मीही तसंच ऐकू लागले. तोच भरभर आवाज तुझा म्हणून कानात बसला आणि खरी आई मला आजारी वाटली!

आज जेवणाच्या सुट्टीत तुझे निरोप तुझ्याच चालीने ऐकले. “बाबांचा खोकला काही विशेष नाही,” म्हणण्याआधी तू थांबतेस, आवंढा गिळतेस. ते मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

बाबांना खरंच काय झालंय, आई? सावकाश सांग. मी ऐकतेय.

तुझीच,
उतावळी