पाइपावरची हळद

माय, तुला कागदावर बोलायची सवय माझी केव्हाच मोडली. लग्न होऊन मी वर्ध्याला आले तेव्हा पोस्टकार्ड टाकायची तुला. पण तुला वाचता येत नव्हतं, म्हणून पोस्टमन ओसरीवर टेकून ते मोठ्यानं वाचायचा आणि अर्धी गल्ली कान देऊन ऐकायची. त्यामुळे माझ्या प्रत्येक कार्डात एकच मजकूर असायचा, इकडे सर्व खुशाल आहे, काळजी करू नये. अंगात ताप असो की घरात अबोला असो, कार्डात खुशालच. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या चुलीच्या जागी भाच्यानं मोटारसायकल ठेवायला टिनाचं शेड टाकलं. पोस्टमन नाही, ओसरी नाही, कान देणारी गल्लीही नाही. म्हणून आज जे खुशाल नाही ते लिहिते.

सिंदी मेघेच्या आमच्या घरात, जिथं आधी कपबशांचं शोकेस होतं, तिथं आता काचेची मोठी पेटी आहे. पाण्यानं भरलेली असायची ती, तळाशी बारीक गोटे, एका कोपऱ्यात बुडबुडे सोडणारी नळी. आणि त्यात एक झिंगा. आपल्या नाल्यातल्यासारखा नखाएवढा नाही, चांगला वीतभर, खेकड्यासारख्या दोन नांग्या असलेला, आणि रंग कसा म्हणशील तर शाळेतल्या शाईच्या भरल्या दौतीसारखा निळा. सून त्याला क्रेफिश म्हणते. शेजारणी लॉबस्टर म्हणायच्या. मी आपली झिंगाच म्हणायची. तू पाहिला असतास तर पदर तोंडाशी नेऊन हसली असतीस आणि पहिला प्रश्न विचारला असतास, "याले शिजवाचं कवा?" मीही तेच विचारलं होतं. सून त्या दिवसांत हसत नव्हती, पण तेव्हा हसली. "आई, याला शिजवायचं नाही, याला जेवू घालायचं," म्हणाली.

ती हसत का नव्हती ते आधी सांगायला पाहिजे. माझी सून आर्वीची. आईबाप तिकडेच असतात, आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली. इथं ती एका ऑफिसात कारकून आहे. माझा मुलगा कामाला चंद्रपूरकडे, शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या बसनं जातो. म्हणजे घरात आम्ही दोघीच. दिवाळीच्या आधी तिला दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता, आणि दिवाळीत ते गेलं. दवाखान्यातून ऑटोत घालून मीच तिला घरी आणली. रस्ताभर माझा हात घट्ट धरून बसली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीचा पडदा सरकवला आणि म्हणाले, "उठ बेटा. ना बाळ, ना बाळंतपण. पडून राहशील तर मन खाईल. कामात जीव घाल." ती उठली. चहा मांडला, माझ्यासाठीही. आठवड्याच्या आत ऑफिसला जायला लागली. मला वाटलं, मी किती शहाणी सासू. इतर बायका रडत बसू देतात, मी उभी केली. आल्या-गेल्याला मी ते सांगतही होते.

मग एका संध्याकाळी ती दुकानातून ती पेटी घेऊन आली. मी कुरकुरले खूप. पण माणसाचं मन मेणाचं असतं गं. ती ऑफिसला गेली की दिवसभर घरात मी आणि तो. उकडलेला वटाणा टाकला की तो आपल्या पांढऱ्या पाइपातून बाहेर यायचा, नांगीत वटाणा धरायचा आणि एखाद्या म्हाताऱ्यासारखा बसून सावकाश खायचा. पाइप म्हणजे नळाचा तुटका तुकडा, सुनेनंच घासून ठेवलेला, ते त्याचं घर. मी त्याच्याशी बोलायला लागले. आलेल्या-गेलेल्याला दाखवायला लागले. दूधवाल्याला दाखवला, गॅसवाल्याला दाखवला. सून म्हणायची, "आई, तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त लाडावला." मला ते गोड लागायचं.

आता तुझी गोष्ट तुलाच सांगते. भादवा आहे, अल्लीपूरच्या नाल्याचं पाणी निवळलंय, आणि आपण दोघी खेकडे धरायला उतरलोय. तू दगड उचलतेस, मी टोपली पुढं करते. एका दगडाखाली खेकडा आहे, पण पळत नाही. मी बोट लावते तर तो लोण्यासारखा मऊ. शेजारीच त्याचं रिकामं टरफल पडलेलं, डोळ्यांसकट, जणू दुसरा खेकडाच. मी हरखून ओरडते, "माय, हा तं पळतबी नाई!" आणि तू माझ्या हातावर चापट मारतेस. जोरात. "हात नको लावू. अंगावरचं काढून ठेवलं त्यानं, नवं अजून आलं नाई. बाळंतीण हाय ते. दार लाव तिचं." दार म्हणजे तो दगड. तू तो, मुलाला पाळण्यात ठेवावं तसा, परत ठेवतेस, टरफलही आतच सरकवतेस, आणि आपण दुसऱ्या दगडाकडे जातो. त्या रात्री रस्सा पातळ झाला.

आणि तेच साल असेल, आपल्या मागच्या घरातल्या काकूचं लेकरू पोटातच गेलं. तिची सासू तिला विहिरीवर पाठवत होती. तू भर गल्लीत तिच्या हातातली बादली काढून घेतलीस. "लेकरू गेलं म्हून बाळंतीण गेली का वं? तिचं अंग तं ओलंच हाय," असं म्हणालीस. आणि सव्वा महिना तिच्या खाटेखाली शेगडी ठेवायला तू जात राहिलीस. डिंकाचे लाडू बांधलेस. मला एक मागितला तर दिला नाहीस. हे सगळं मी पाहिलं होतं माय. कोणी सांगितलेलं नाही, या डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तरी माझ्या सुनेचा पडदा मी दुसऱ्या दिवशी सरकवला.

संक्रांतीनंतरचं हळदी-कुंकू होतं माझ्याकडे. सकाळी ऑफिसला निघताना सुनेनं पेटीत वाकून पाहिलं आणि चपला घालता घालता म्हणाली, "आई, त्यानं रात्री कात टाकली आहे. पाइपात बसला आहे. आज त्याला हात लावू नका हं. आणि ती कात तिथंच राहू द्या, तो तीच खातो, त्यानंच त्याचं अंग परत कडक होतं." मी हो म्हणाले. मला नाला आठवला, तूही आठवलीस. हे मुद्दाम लिहिते, कारण आठवलं नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही. तरी ती गेल्यावर मला ती कात पाहवेना. पाण्यात मेलेला झिंगा पडलाय असंच दिसायचं, बायका काय म्हणतील? झाऱ्यानं काढली आणि तुळशीच्या कुंडीत टाकली.

दुपारी बायका आल्या. वाण म्हणून मी प्लास्टिकच्या गाळण्या आणल्या होत्या. हळद लाव, कुंकू लाव, तीळगूळ दे, माझी दोन बोटं पिवळीजर्द झालेली. कोपऱ्यावरच्या घरची बाई, तोंडाची मोठी, पण मनाची वाईट नाही, ती सोफ्यावर पसरून म्हणाली, "बाप्पा, घर लई सुनं सुनं लागते वं तुमचं. सुनबाई काय म्हणते? पुढच्या हळदी-कुंकवाले पेढे भेटतीन का नुसत्या गाळण्याच?" सगळ्या हसल्या. सून अजून आली नव्हती, तेवढंच बरं. आणि माय, माझ्या जिवाची अशी तगमग झाली की काही तरी पुढं करावं. सांगायला नातू नव्हता, दाखवायला तो होता. मी म्हणाले, "अवं, आमच्या निळ्या राजाले पाह्यलं का तुम्ही?" सगळ्या पेटीभोवती. तो काही बाहेर येईना. वटाणा टाकला, तरी येईना. "झोपला वाटते तुमचा राजा," ती म्हणाली. मग मी ती पिवळी बोटं तशीच पाण्यात घातली, पाइप उचलला, तिरपा केला आणि हलवला.

तो घसरून गोट्यांवर पडला. नांगी उचलायला गेला तर ती वाकली. बायका म्हणाल्या, "अग्गो, किती छान रंग!" खरंच छान होता, इतका कोवळा निळा मी आधी पाहिला नव्हता. मी झाऱ्याच्या दांड्यानं त्याला जरा पुढं सरकवलं, म्हणजे मागच्यांना दिसेल. मग पाइप परत ठेवला. तो आत गेला नाही. बायका गेल्या, मी ताटं आवरली. सून आली, दमलेली, सरळ झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आडवा पडलेला.

मी स्वयंपाकघरात होते. तिनं हाक मारली नाही, रडली नाही. पेटीपुढं बसून राहिली आणि हळू आवाजात, मला नाही, कोणालाच नाही, असं म्हणाली, "माझ्या हाताला काही टिकतच नाही." मी कुकरची शिट्टी लावली. त्या दिवशी तिनं पेटी रिकामी केली, गोटे धुतले, पाइप धुऊन सिंकच्या वरच्या खिडकीत उभा केला. शनिवारी मुलगा आला. जेवताना त्यानं विचारलं तर ती म्हणाली, "पाणी बदलताना माझंच चुकलं असेल काही." मी भाकरी मोडत होते, मोडत राहिले. पोटचा मुलगा समोर बसला होता आणि मी त्याला भाजी वाढली.

असे बरेच दिवस गेले. परवा रविवारी, मुलगा त्या आठवड्यात आला नव्हता, खिडकी पुसायला मी तो पाइप उचलला. उजेडात धरला तर त्याच्यावर दोन बोटं उमटलेली, फिकट पिवळी. प्लास्टिकवरची हळद धुऊन जात नाही, हे मला माहीत नसेल तर कोणाला? तो रोज तिच्या तोंडासमोर उभा होता. त्याच्याखालीच ती माझं ताट घासत होती. म्हणजे मुलाला "माझंच चुकलं" म्हणाली तेव्हाही तिला माहीत होतं. तिनं मला झाकलं होतं आणि मी त्या पांघरुणात ऊब घेऊन बसले होते.

ती ओट्यापाशी वटाण्याच्या शेंगा सोलत होती. सवयीनं एक दाणा बाजूला ठेवायची, अजूनही. मी तिच्यापुढं बसले. "सुनबाई, तो तुझ्या हातून नाई मेला. हळदी-कुंकवाच्या दिवशी मीच त्याले बाहेर पाडलं. कातबी मीच फेकली. बायकांले दाखवाचं होतं मले."

"माहीत आहे, आई." शेंग सोलणं थांबलं नाही.

"मंग मले बोलली काऊन नाईस वं? दोन शिव्या द्यायच्या."

खूप शेंगा सोलून झाल्यावर, मान वर न करता तिनं विचारलं, "आणि आई, दिवाळीतलं? ते तरी माझ्या हातून नाही ना गेलं? मी त्या दिवशी बसनं गेले होते. ऑफिसातलं जड दप्तर उचललं होतं."

बघ माय, एवढे महिने ती हा प्रश्न पोटात घेऊन माझा चहा करत होती. आणि मी तिला कामात जीव घाल म्हणत होते. मी तिचे हात धरले, शेंगांसकट. "नाई वं बेटा. ते तुझ्या हातून नाई गेलं, कोणाच्याच हातून नाई गेलं. तुले दुसऱ्या दिवशी उठवलं, ते मात्र माह्या हातून झालं." मग ती रडली. दिवाळीपासूनचं सगळं रडली. मी तिला थांबवलं नाही. तेवढं तरी शहाणपण होतं.

आता तिनं आठ दिवसांची रजा टाकली आहे. तुझा सव्वा महिना केव्हाच उलटून गेला, पण उशिरा का होईना, मी शेगडी काढली. मुलालाही फोनवर सगळं सांगितलं. तो "बरं, आई" एवढंच म्हणाला. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. आज दुपारी कोपऱ्यावरची बाई फाटकातून ओरडली, "काहो, तुमचा राजा मेला म्हनते! कसा काय मेला?" मी बाहेर जाऊन म्हणाले, "माह्या हातानं मेला. आणि हळू बोल वं, सून झोपली हाय. मंग येजो." मी आत आले आणि खोलीचं दार लावलं, तू दगड ठेवायचीस तसं, आवाज न करता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पाइप अजून खिडकीत आहे. तिला विचारलं, टाकू का? "राहू द्या," म्हणाली. आणखी एक सांगायचं राहिलं. डिंकाचे लाडू केले, पण पाक चढला आणि ते दगडासारखे झाले. तुला किती गूळ, किती डिंक हे मी आयुष्यात एकदाही विचारलं नाही, मला येतं असंच समजत आले. ती ते बत्त्यानं फोडून खाते आणि छान झालेत म्हणते.